रिकाम्या बाकांसमोर

१० मे १९८४ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातलं दिवसाचं कामकाज आटोपलं होतं आणि पेनसिल्व्हेनियाचा रिपब्लिकन सदस्य बॉब वॉकर एकटाच बोलत उभा होता. अगदी तावातावाने. घरी टीव्हीवर बघणाऱ्याला वाटावं, समोरच्या बाकांवरच्यांची बोलती बंद झाली आहे. तेवढ्यात कॅमेरा वॉकरवरून सरकला आणि सगळ्या सभागृहावरून फिरला. समोर कुणीच बसलेलं नव्हतं. वॉकरला कुणीतरी ही बातमी पोचवली, तेव्हा त्याने बोलता बोलताच प्रेक्षकांना सांगून टाकलं की कॅमेरा रिकाम्या खुर्च्या दाखवतो आहे.

हुकूम डेमोक्रॅट सभापती टिप ओनीलचा होता. १९७९ मध्ये या सभागृहात कॅमेरे आले तेव्हा ठरलं होतं, की ते सभागृहाच्याच ताब्यात राहतील आणि बोलणाऱ्यावरच रोखलेले असतील. मागे कोण डुलकी घेतंय, कोण उठून गेलंय, हे लोकांनी बघू नये एवढाच त्यामागचा विचार. सी-स्पॅन नावाची नवी केबल वाहिनी ते चित्र जसंच्या तसं घरोघरी पोचवायची. आपल्या लोकांची अब्रू झाकायला केलेल्या नियमाचा उलटा फायदा कुणी उठवेल, हे ओनीलच्या ध्यानीमनीही नव्हतं. उठवणाऱ्यांचा म्होरक्या वॉकर नव्हता. तो होता जॉर्जियाचा रिपब्लिकन सदस्य न्यूट गिंग्रिच.

मी पुण्यात व्हिडिओ एडिटिंग करते. लग्नं, डोहाळजेवणं, क्लासच्या जाहिराती, आणि अलीकडे राजकारणी मंडळी. अधिवेशन सुरू झालं की आमच्या छोट्या स्टुडिओत दिवाळी असते. साहेबांचा पीए थेट प्रक्षेपणाची लिंक पाठवतो आणि खाली लिहितो, ‘ताई, चार बारापासून बघा, साहेबांनी फाडलंय.’ मग मी फाडलेलं शोधते. पहिल्या तीन सेकंदांत सगळ्यात खणखणीत वाक्य, खाली पिवळ्या अक्षरांत तेच वाक्य, मागे ढोल. वर मथळा ठरलेला: ‘सरकारला धरलं धारेवर’ किंवा ‘सभागृह दणाणून सोडलं’.

आता यातली एक गंमत, जी या धंद्यातल्या माणसालाच दिसते. प्रक्षेपणाचं चित्र आडवं असतं आणि मोबाईलवरचं रील उभं. आडव्या चित्रात साहेबांच्या डावी-उजवीकडची बाकं दिसतात आणि संध्याकाळी उशिरा ती बहुतेक मोकळीच असतात. उभ्या चौकटीत फक्त साहेब मावतात. बाकं आपोआप गळून पडतात. ओनीलने चिडून कॅमेरा फिरवला आणि जे दाखवलं, ते मी रोज दोन क्लिकमध्ये पुसते. कुणाला फसवायचं म्हणून नाही, मोबाईलचा आकारच तसा आहे म्हणून. काही साहेब तर आडव्या चित्राचीही सोय करून ठेवतात. आपली वेळ आली की दोन-तीन सहकाऱ्यांना मागच्या बाकावर आणून बसवतात. मागचे तिघे मान डोलावत असले की चित्र भरलेलं दिसतं. आपल्या विधानसभेत २८८ सदस्य आहेत आणि गणपूर्तीला एक दशांश, म्हणजे २९ पुरतात. तेवढेही नसले आणि कुणी बोट दाखवलं, तर घंटा वाजते.

गिंग्रिचबद्दल मी वाचायला लागले ते या कामामुळेच. माझ्या धंद्याचा मूळपुरुष कोण, अशी एक खाज होती. त्याच्या राजकारणाशी माझं फारसं जमणार नाही, पण कारागीर म्हणून त्या माणसाला नमस्कार करावाच लागतो.

मुळात तो इतिहासाचा प्राध्यापक. १९७१ मध्ये ट्युलेन विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेला, विषय काय तर बेल्जियमचं काँगोतलं शिक्षणधोरण. जॉर्जियातल्या एका लहान कॉलेजात शिकवता शिकवता १९७४ मध्ये निवडणूक लढला, पडला. १९७६ मध्ये पुन्हा लढला, पुन्हा पडला. १९७८ मध्ये निवडून आला. त्याच वर्षी कॉलेजातल्या तरुण रिपब्लिकनांसमोर त्याने सांगितलं होतं की आपल्या पक्षाची मोठी अडचण म्हणजे आपण तुम्हाला वाईट वागायला शिकवत नाही. तेव्हा त्याच्या पक्षाला प्रतिनिधिगृहात बहुमत मिळून पंचवीसेक वर्षं झाली होती आणि पक्षातल्या ज्येष्ठांनी अल्पमताशी संसार थाटला होता. डेमोक्रॅट सभापतींशी गोडीगुलाबीने वागावं, आपल्या मतदारसंघापुरतं काहीतरी पदरात पाडून घ्यावं, संध्याकाळी बरोबर जेवावं. हा नवा माणूस जानेवारी १९७९ मध्ये तिथे पोचला, आणि मार्चमध्ये कॅमेरे सुरू झाले.

दिवसाचं कामकाज संपल्यावर कुणाही सदस्याला तासभरापर्यंत हव्या त्या विषयावर बोलता यायचं. ‘स्पेशल ऑर्डर’ म्हणायचे. ती भाषणं ऐकायला कुणी थांबत नसे. नोंदीत यावं, गावच्या एखाद्या हेडमास्तरांचा गौरव व्हावा, इतपतच त्यांचा उपयोग. गिंग्रिच, वॉकर आणि मिनेसोटाचा व्हिन वेबर यांनी हा पडून राहिलेला वेळ उचलला. १९८३ मध्ये त्यांनी आपल्या तरुण मंडळींचा एक गट बांधला आणि रोज, ठरवून, त्या तासात उभे राहू लागले. विषय ठरलेला, कोण काय बोलणार ते ठरलेलं. डेमोक्रॅट सदस्यांची जुनी वक्तव्यं वाचून दाखवायची, मग थांबायचं. याला उत्तर आहे का? शांतता. उत्तर देणारा माणूस तेव्हा घरी मुलांबरोबर जेवत असायचा.

मला यातली हुशारी दिसते ती त्या थांबण्यात. ओरडायला कुणालाही येतं. पण जिथे उत्तर येणारच नाही तिथे प्रश्न विचारून थांबायचं, आणि त्या दोन सेकंदांच्या शांततेला आपली साक्ष द्यायला लावायची, याला कॅमेरा कळावा लागतो. आम्ही एडिटिंगमध्ये हेच करतो. साहेबांचा प्रश्न संपला की अर्धा सेकंद तसाच ठेवायचा, मग कट.

ओनीलचा तोल गेला तो या प्रकारात त्याचा जुना मित्र, डेमोक्रॅट सदस्य एडवर्ड बोलंड याचं नाव घेतलं गेल्यावर. आधी कॅमेरा फिरवला आणि मग १५ मे रोजी तो सभापतीची खुर्ची सोडून खाली उतरला आणि भर सभागृहात गिंग्रिचला म्हणाला, की रिकाम्या सभागृहात उभं राहून तू लोकांच्या देशभक्तीवर शंका घेतलीस, माझ्या ३२ वर्षांत इतका नीच प्रकार मी पाहिला नाही. रिपब्लिकनांच्या ट्रेंट लॉटने लगेच हरकत घेतली. सदस्यावर अशी वैयक्तिक टीका नियमात बसत नाही. खुर्चीवर तेव्हा ओनीलचाच मित्र जो मोकली बसला होता आणि त्याला आपल्याच सभापतीविरुद्ध निर्णय द्यावा लागला. त्या रात्री तिन्ही मोठ्या वाहिन्यांवर ते दृश्य झळकलं. आदल्या आठवड्यापर्यंत ज्याला जॉर्जियाबाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं, तो गिंग्रिच देशभर माहीत झाला.

पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. २०२३ च्या कसब्याच्या पोटनिवडणुकीत प्रचारसभेत चंद्रकांत पाटील विचारून गेले, ‘हू इज धंगेकर?’ २ मार्चला निकाल लागला, भाजपचा २८ वर्षांचा गड पडला आणि दुसऱ्या दिवसापासून शहरभर त्या प्रश्नाचं उत्तर फ्लेक्सवर झळकलं. रवींद्र धंगेकर तेव्हा काँग्रेसचे, गिंग्रिचशी त्यांचं विचाराने काही नातं नाही. पण मोठ्याने लहानाकडे खाली वाकून बघितलं की लहान वर येतो, हे गणित पक्ष बघत नाही. गिंग्रिचने ते आधीच मांडून ठेवलं होतं. पत्रकारांना भांडण आवडतं, भांडण दिलं की लक्ष मिळतं, आणि लक्ष मिळालं की मग लोकांना शिकवता येतं, असं तो उघडपणे सांगायचा. शेवटचा भाग मास्तरकीचा. तो खरोखरच स्वतःला शिक्षक समजायचा.

अर्थात सभागृहाबाहेरच्या लोकांसाठी सभागृहात बोलणं हा शोध त्याचा नव्हे. आमच्या पेठांना त्याचं फार कौतुक वाटू नये. लोकमान्य १८९५ मध्ये मुंबई कायदेमंडळात निवडून गेले. तिथलं कामकाज इंग्रजीत चालायचं आणि त्यांचा वाचक मराठी होता, ‘केसरी’चा. त्याआधी चार वर्षं, १८९१ मध्ये, संमतिवयाच्या कायद्यावरून त्यांनी जी बाजू लढवली ती सनातन्यांची होती. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नात टिळक पुराणमतवादी होते आणि लोकांपर्यंत पोचण्याची त्यांच्याइतकी जाण त्या काळात कुणालाच नव्हती. वर्तमानपत्र, गणेशोत्सव, शिवजयंती. आज कुणी याला ‘मीडिया स्ट्रॅटेजी’ म्हटलं तर टिळकभक्त रागावतील, पण दुसरं काय होतं ते?

फरक एकच होता, आणि मला तो फार मोठा वाटतो. याच शहरात, हाकेच्या अंतरावर, आगरकर बसले होते. १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडून त्यांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. ‘केसरी’त जे छापून येई त्याचा समाचार ‘सुधारका’त घेतला जाई, आणि तोही झोडपून. वाचक बहुतेक तेच. शनिवारात ‘केसरी’ वाचणाऱ्या घरात ‘सुधारक’ही येत असे, निदान शिव्या घालायला तरी. टिळकांना रिकाम्या बाकांसमोर बोलायची सोय नव्हती. बाकावरचा माणूस आठवड्याच्या आत उठून उभा राहायचा.

हे माझं म्हणणं मी एकदा सासऱ्यांना ऐकवलं. ते सदाशिव पेठेत वाढलेले, जनसंघाचे जुने मतदार. सून राजकारण्यांची रील कापते याची त्यांना गंमत वाटते आणि थोडी लाजही. ते म्हणाले, “अगं, टिळकांपर्यंत कशाला जातेस? आमचे रामभाऊ होते की.”

रामभाऊ म्हाळगी. १९५७ मध्ये मावळातून जनसंघाचे आमदार झाले, तेव्हा महाराष्ट्रात त्या पक्षाची माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. मग पुण्यातून आमदार, आणीबाणीत येरवड्यात स्थानबद्ध, १९७७ आणि १९८० मध्ये ठाण्यातून खासदार. १९८२ मध्ये गेले. आज त्यांचं नाव उरलंय ते लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देणाऱ्या प्रबोधिनीमुळे. जुन्या लोकांना मात्र ते आठवतात ते वार्षिक अहवालामुळे. वर्षभर आपण आमदार म्हणून काय केलं, याचा हिशोब छापून ते मतदारांपुढे ठेवायचे. असं करा, असा कुठला नियम नव्हता आणि अजूनही नाही.

“पण बाबा, तीही जाहिरातच ना? कामाची का असेना.”

“जाहिरात होतीच. नसायला काय झालं? पण तुमची ती फीत आली की मी काय करणार? अंगठा दाखवणार. अहवाल घरात असायचा. रामभाऊ रस्त्यात भेटले की विचारता यायचं, की अमुक प्रश्नाचं पुढे काय झालं.”

“विचारायचे का लोक?”

“आमच्या पेठेत?” एवढं म्हणून ते हसले.

गिरीश बापटांची तऱ्हा वेगळी होती, पण मुळाशी तेच. १९९५ ते २०१९ कसब्याचे आमदार, मग पुण्याचे खासदार. त्यांचं माध्यम म्हणजे कट्टा. चहा, टोमणा, विरोधी पक्षातल्या माणसाच्या खांद्यावर हात. त्यांचे विनोद कधी कधी अंगाशीही यायचे, कारण कट्ट्यावर चालणारं वाक्य कॅमेऱ्यापुढे चालतंच असं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अतिशय आजारी असताना ते व्हीलचेअरवर, नाकात नळी लावलेल्या अवस्थेत केसरी वाड्यातल्या मेळाव्याला आले. तो फोटो सगळीकडे फिरला. दीड महिन्याच्या आत, २९ मार्चला, ते गेले. आयुष्यभर माणसांत बसून राजकारण केलेल्या माणसाचं शेवटचं राजकीय चित्र हे व्हावं, याचं वाईट त्यांच्या विरोधकांनाही वाटलं. त्या दिवशी आमच्या स्टुडिओत त्या चित्रावर कुणी काही बोललं नाही. इतर वेळी आम्ही कशावरही बोलतो.

पुन्हा गिंग्रिच. १९८७ मध्ये ओनीलच्या जागी जिम राइट सभापती झाला. गिंग्रिच त्याच्यामागे हात धुऊन लागला. राइटचं एक पुस्तक त्याच्या हितचिंतकांनी गठ्ठ्याने विकत घेतलं होतं. भाषणांच्या मानधनावरच्या मर्यादेतून काढलेली ती पळवाट, असा आरोप होता. १९८८ मध्ये गिंग्रिचने रीतसर तक्रार केली आणि गावोगावच्या वार्ताहरांना ती समजावत बसला. १९८९ मध्ये राइटने राजीनामा दिला. त्याच वर्षी रिपब्लिकनांनी गिंग्रिचला आपला प्रतोद निवडलं, ८७ विरुद्ध ८५ मतांनी. जुन्या सभ्य मंडळींचं राज्य दोन मतांनी गेलं.

त्याच्या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग मात्र कॅमेऱ्याचा नाही, कॅसेटचा आहे. गोपॅक नावाच्या संस्थेमार्फत तो देशभरच्या होतकरू उमेदवारांना कॅसेट पाठवायचा. गाडी चालवता चालवता ऐका. प्रचार कसा करायचा, मुद्दा कसा मांडायचा, हल्ला कसा परतवायचा. १९९० मध्ये त्याच संस्थेने एक टिपण वाटलं, त्यात शब्दांच्या दोन याद्या होत्या. आपल्याविषयी बोलताना हे वापरा, विरोधकांविषयी हे. विरोधकांच्या यादीत ‘भ्रष्ट’ आणि ‘देशद्रोही’सुद्धा होते. आज आपल्याकडच्या प्रत्येक पक्षाच्या आयटी सेलचा रोजचा मेसेज म्हणजे हीच यादी, फक्त तीस वर्षांनी आणि इमोजींसकट. पण लक्षात घ्या, १९७८ ला निवडून आलेला माणूस १९९४ पर्यंत वाट बघत राहिला. मधल्या काळात नुसता चमकला नाही, शेकडो अनोळखी माणसांना शिकवत बसला. आमच्या साहेबांना एका रीलचे व्ह्यूज दुसऱ्या दिवशी सकाळी हवे असतात.

२७ सप्टेंबर १९९४ रोजी कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसदभवनाच्या, पायऱ्यांवर तीनशेहून अधिक रिपब्लिकन उमेदवारांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. ‘अमेरिकेशी करार’. दहा विधेयकं, सत्ता आल्यावर शंभर दिवसांत मताला टाकू. टीव्हीचे कार्यक्रम छापणाऱ्या, घराघरात पडलेल्या साप्ताहिकात त्याची पानभर जाहिरात दिली. ती कापून ठेवायची आणि एकेक काम झालं की खूण करायची. गर्भपात, शाळेतली प्रार्थना असले पक्षाच्या आतड्याचे पण दोन तट पाडणारे विषय मुद्दाम बाहेर ठेवले होते. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या ५४ जागा वाढल्या आणि चाळीस वर्षांनी बहुमत आलं. गिंग्रिच सभापती झाला.

इथे माझी सोपी मांडणी अडखळते. मला हवं होतं की इकडे रामभाऊंचा अहवाल आणि तिकडे गिंग्रिचची नौटंकी, असे दोन खण पाडावेत. पण तो करार म्हणजे मतदाराच्या हातात दिलेली यादीच होती, तीही खुणा करायला. आणि त्याने शब्दही पाळला. दहाही गोष्टी शंभर दिवसांच्या आत मताला आल्या, सदस्यांच्या मुदतीवर बंधन घालणारी घटनादुरुस्ती सोडून बाकी नऊ प्रतिनिधिगृहात मंजूरही झाल्या. कायदे होतील असं त्याने म्हटलंच नव्हतं. मताला टाकू म्हटलं होतं. पुढे सिनेट होतं, अध्यक्ष क्लिंटन होता, आणि बऱ्याच गोष्टी तिथे अडल्या. शब्दात धरायला जागा न सोडणारा मसुदा होता तो. आमच्याकडे वचननामे दोनशे पानी असतात, कारण कुणी खुणा करायला बसणार नाही याची खात्री असते.

तरी माझ्या मनात एक फरक उरतोच. अहवाल झालेल्या कामाचा असतो आणि ‘अमुक का झालं नाही’ हा प्रश्न त्यात आपोआप दडलेला असतो. करार पुढचा असतो. खुणा करणाऱ्याला काय मागायचं, तेही करार लिहिणाराच ठरवून देतो. सासऱ्यांना हे पटलं नाही. त्यांच्या मते मी उगाच बाल की खाल काढते आहे.

सभापती झाल्यावर गिंग्रिचचं जे झालं ते कुणा नाटककाराने लिहिलं असतं तर फारच ठरवून केल्यासारखं वाटलं असतं. ज्याने दुसऱ्याच्या पुस्तकावरून सभापतीला घालवलं, त्यालाच सभापती होता होता पंचेचाळीस लाख डॉलरच्या पुस्तककराराची आगाऊ रक्कम ओरड झाल्यावर सोडावी लागली. नोव्हेंबर १९९५ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्या अंत्यविधीहून परतताना अध्यक्षांच्या विमानात क्लिंटन आपल्याशी बोलला नाही, उतरताना मागच्या दाराने उतरवलं, अशी तक्रार त्याने पत्रकारांसमोर केली. वर हेही सांगून बसला की सरकारचं कामकाज ज्याच्यामुळे बंद पडलं ते विधेयक कडक होण्यामागे हाही राग होता. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ने पहिल्या पानावर लंगोटातल्या रडक्या बाळाच्या रूपात त्याचं व्यंगचित्र छापलं. डेमोक्रॅट सदस्य ते पान घेऊन सभागृहातच आले. आणि व्हाइट हाऊसने विमानातला एक फोटो बाहेर काढला. क्लिंटन आणि गिंग्रिच बोलताहेत.

एक फोटो. कॅमेरा फिरवायला अकरा वर्षांनी का होईना, पण समोरच्याला जमलं.

पुढचं भराभर सांगता येतं. कॉलेजात त्याने चालवलेल्या एका व्याख्यानमालेसाठी करमुक्त देणग्यांचा पैसा वापरल्याचं प्रकरण झालं, जानेवारी १९९७ मध्ये सभागृहाने ३९५ विरुद्ध २८ मतांनी त्याला ठपका देऊन तीन लाख डॉलर भरायला लावले. १९९८ च्या निवडणुकीत पाच जागा कमी झाल्या आणि त्याच्याच पक्षाच्या लोकांनी त्याला नकोसं केलं. तीन दिवसांत त्याने पद सोडत असल्याचं जाहीर केलं. नंतर तो वाहिन्यांवर विश्लेषक म्हणून दिसू लागला. गेला कुठे? कॅमेऱ्यापुढेच.

आपल्याकडे अधिवेशनाच्या दिवशी सकाळी विधानभवनाच्या पायऱ्या बघाव्यात. कामकाज सुरू व्हायच्या आधी तिथे फलक घेतलेले आमदार असतात. कुणाच्या गळ्यात कांद्याची माळ, कुणाच्या हातात गाजर. आत जाऊन जे तारांकित प्रश्नात विचारायचं, ते आधी बाहेर फोटोत विचारून होतं. त्यांच्यासमोर वाहिन्यांचे बूम. पंधरा मिनिटांत सगळं संपतं आणि दुपारपर्यंत ते माझ्या टेबलावर येतं. आतमध्ये कुणी फारच घसरलं, तर अध्यक्ष म्हणतात, ‘तपासून कामकाजातून काढून टाकण्यात येईल.’ तोवर ते वाक्य व्हॉट्सअॅपवर तीन गटांत फिरून परत आलेलं असतं. कामकाजातून काढायचा अधिकार अध्यक्षांना आहे, मोबाईलमधून काढायचा कुणालाच नाही.

मागच्या एका अधिवेशनात साहेबांनी पुण्याच्या एका उड्डाणपुलाच्या रखडलेल्या कामावर लक्षवेधी मांडली. बोलले खरंच चांगलं, अभ्यास करून. मी रील कापलं आणि पहिल्यांदाच त्याच्या शेवटी मंत्र्यांचं उत्तर ठेवलं. फार नाही, मिनिटभर. पीएचा लगेच फोन.

“ताई, मंत्र्यांना कशाला घेतलंत?”

“प्रश्न विचारल्यावर उत्तर नको?”

“ते त्यांची टीम टाकेल ना. आपण आपलं टाकायचं.”

मी ते काढलं. मग सहज मंत्र्यांचं पान उघडून बघितलं. उत्तर तिथे होतं. छान कापलेलं, मागे बासरी. ‘पुणेकरांना दिलासा’ असा मथळा. साहेबांचा प्रश्न मात्र त्यातून गायब होता. मंत्री कुणाला उत्तर देताहेत हे त्यात कुठेच कळत नव्हतं. इथे प्रश्न, तिथे उत्तर, आणि एका पानावरचा प्रेक्षक दुसऱ्या पानावर जायचं काहीच कारण नाही.

सासऱ्यांना मी दोन्ही एकापाठोपाठ लावून दाखवली. त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली. मंत्री म्हणाले होते की या अधिवेशनाच्या आत बैठक लावू आणि कामाची मुदत सभागृहाला सांगू. “हे आश्वासन झालं,” सासरे म्हणाले. “सभागृहात दिलेलं आश्वासन आश्वासन समितीकडे जातं. ती खात्याला विचारते, केलं का. बघ, अहवाल येत असेल.”

विधिमंडळाची अशी समिती खरंच आहे. मला ठाऊकही नव्हती, आणि माझं पोट विधिमंडळावर चालतं. पीएला फोन करून म्हटलं, की साहेबांनी आजवर मिळवलेली आश्वासनं आणि त्यांचं पुढे काय झालं, यावर एक छोटी मालिका करू या का. साहेबांचंच काम दिसेल.

तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “ताई, आयडिया चांगली आहे. पण त्यात व्हिज्युअल काय?”